नेब्युलायझर चालतोय, पण औषध छातीत जातंय का? गोव्याच्या दमट हवेत मशीन तपासण्याची आणि सांभाळण्याची रीत

औषधाचं बारीक तुषार करून ते श्वासातून देणारा नेब्युलायझर साफ बंद पडला तर घरच्यांना लगेच कळतं आणि ते दुसरी सोय बघतात. मला जास्त धास्ती वाटते ती अर्धवट चालणाऱ्या मशीनची. घरघर नेहमीसारखी, मास्कमधून थोडी वाफही दिसते, पण वीस मिनिटं झाली तरी कपातलं औषध संपत नाही आणि पोर तसंच धापा टाकत असतं. घरचे म्हणतात, ‘नेब दिला तरी उतार नाही.’ औषध छातीपर्यंत पोचलेलंच नसतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हापशात दवाखान्यातली आणि घरगुती उपकरणं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. पाऊस लागला की टेबलावर नेब्युलायझरांची रांग लागते. त्यांतल्या बहुतेकांची मोटर ठणठणीत असते. दोष निघतो कपात, नळीत, फिल्टरमध्ये, नाहीतर धुण्या-वाळवण्याच्या पद्धतीत. तो घरच्या घरी शोधता येतो आणि बऱ्याचदा दूरही करता येतो. कसा, ते इथे क्रमाने सांगतो. औषध कोणतं, किती आणि दिवसातून किती वेळा, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आत नेमकं काय घडतं

घरात असतो तो बहुतेक करून कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर. खोक्यातला पंप बाहेरची हवा फिल्टरमधून आत ओढतो, दाबतो आणि नळीतून कपात सोडतो. कपाच्या तळाशी मधोमध एक सुळका असतो आणि त्याच्या टोकाला अगदी बारीक छिद्र. दाबलेली हवा त्या छिद्रातून जोराने सुटते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि भोवतालचं औषध आपोआप वर खेचलं जातं. वर ते एका छोट्या प्लॅस्टिकच्या टोपीवर आपटतं आणि त्याचे बारीक कण होतात. 1 ते 5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे कण फुप्फुसाच्या आतल्या नळ्यांपर्यंत जातात. त्याहून मोठे कण तोंडात आणि घशातच बसतात.

यात कुठेही काही तापवलं जात नाही. आपण वाफ म्हणतो ते औषधाचं थंड तुषार आहे. त्यामुळे सर्दीला घेतो त्या गरम वाफेच्या भांड्याचे नियम इथे लावू नका.

छिद्र, टोपी, हवेचा दाब आणि औषधाची पातळी या चार गोष्टी जुळल्या तरच तुषार नीट होतं. एक जरी बिघडली तरी मोटरचा आवाज तसाच येत राहतो. म्हणून मशीनची पारख आवाजावरून करू नका.

पहिलं काम: वेळ मोजून ठेवा

नवीन मशीन किंवा नवीन कप आणला, की औषध घालण्याआधी त्यात 3 मिली सलाईन घाला. फार्मसीत मिळणारं 0.9 टक्क्यांचं नॉर्मल सलाईन. मशीन सुरू करा आणि घड्याळ लावा. तुषार अडखळायला लागलं, फुरफुर आवाज येऊ लागला, की वेळ बघा. जी मिनिटं येतील ती तारखेसकट चिकटपट्टीवर लिहून मशीनच्या तळाला चिकटवा.

ती चिकटपट्टी पुढे फार उपयोगी पडते. मशीन कमजोर झाल्याची शंका आली की तितकंच सलाईन घालून पुन्हा वेळ मोजायची. घरगुती मशीनवर एका डोसाला साधारण 8 ते 12 मिनिटं लागतात. पूर्वी 9 मिनिटं लागत होती आणि आता 16 लागतात, तर काहीतरी अडलं आहे हे नक्की. मग तर्क करत बसावं लागत नाही.

कप पूर्ण कोरडा कधीच होत नाही. अर्धा ते एक मिली औषध आत चिकटून राहतं. फुरफुर सुरू झाली की कपाला बोटाने दोन टिचक्या मारा, कडेचे थेंब खाली येतील, आणखी मिनिटभर चालवा आणि थांबा. तळाला उरलेल्यासाठी पोराला आणखी पाव तास मास्क लावून बसवायची गरज नाही.

वाफ कमी येते किंवा येतच नाही

खालच्या क्रमानेच तपासा. सोप्या आणि वारंवार होणाऱ्या गोष्टी आधी घेतल्या आहेत.

1. कप उघडा आणि आतली छोटी टोपी आहे का ते बघा. काही कपांत ती झाकणालाच जोडलेली असते, काहींत सुटी. सुटी असली तर धुताना हरवते. डिचोलीहून एक बाई मशीन घेऊन आल्या होत्या, ‘मोटर जळली’ म्हणून. मी कप उघडला तर सुळका उघडा, वर टोपीच नाही. त्यांनी घरी फोन लावला आणि सासूबाईंना मोरीच्या जाळीत टोपी सापडली. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय औषध नुसतं बुडबुडत राहतं. म्हणून कप धुताना खाली गाळणी किंवा वाडगं ठेवा.

2. टोपी आहे, तर ती शेवटपर्यंत बसली आहे का ते बघा. तिरकी बसली की तुषार एका बाजूला उडतं आणि पुन्हा औषधातच पडतं.

3. सुळक्याचं छिद्र उजेडासमोर धरून बघा. बुडेसोनाइडसारखं दुधाळ औषध वापरत असाल आणि कप लगेच धुतला नसेल, तर छिद्रात पांढरट खपली धरते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून कप अर्धा तास भिजवा, मग वाहत्या पाण्याखाली धरा. टाचणी, सुई किंवा तार घालू नका. छिद्र केसभर जरी मोठं झालं तरी कणांचा आकार बिघडतो. वाफ भरपूर दिसते आणि औषध घशातच राहतं. टाचणी घातलेला कप सरळ बदला.

4. नळी दोन्ही टोकांना घट्ट बसवा. जुनी नळी टोकाला सैल होते. टोकाचा सेंटिमीटरभर भाग सरळ कापून पुन्हा बसवली तर बऱ्याचदा काम होतं. नळीला कुठे घडी पडली आहे का, तीही बघा. कपाटात दामटून ठेवलेल्या नळीला हमखास पडते.

5. नळी कपापासून सोडवा, मशीन चालू करा आणि नळीच्या टोकावर अंगठा दाबा. दाब चांगला असेल तर अंगठ्याला जोर जाणवतो आणि मोटरचा सूर बदलतो. जोर जाणवला, तर मशीन ठीक आहे आणि दोष कपात आहे. जोर नसेल, तर दोष नळीत किंवा मशीनमध्ये.

6. जोर नसेल तर फिल्टर काढून, फक्त क्षणभर, पुन्हा अंगठा लावून बघा. आता जोर आला, तर फिल्टर तुंबला आहे. नाही आला, तर पंपाचा सील किंवा व्हॉल्व्ह झिजला असावा. तिथे घरचं काम संपलं, मशीन दुरुस्तीला द्या. फिल्टर काढून तसंच वापरत राहू नका. धूळ पंपात जाते आणि पंप लवकर झिजतो.

औषधाची पातळीही बघा. बऱ्याच कपांना 2 मिलीहून कमी औषध चालत नाही, कारण तळाला चिकटणारा भाग वजा केल्यावर हाती फारसं उरत नाही. कपावर खुणा असतात, त्यांच्या कमाल रेषेच्या वरही जाऊ नका. आणि कप उभा धरा. मूल आडवं झोपलेलं असलं की मास्कबरोबर कपही आडवा होतो आणि तुषार थांबतं.

वाफ छान येते, तरी उतार नाही

मशीनने काम केलं, आता मास्कची पाळी. मास्क चेहऱ्याला टेकला नाही आणि बोटभर अंतर राहिलं, तरी औषधाचा मोठा भाग खोलीत उडून जातो. ‘मूल घाबरतं म्हणून नुसतं तोंडासमोर धरते’ असं आया सांगतात. त्यांची कळवळ समजते, पण तसं धरून छातीत जवळपास काहीच जात नाही. रडणाऱ्या मुलाच्याही छातीत औषध कमी जातं. मूल शांत असताना, मांडीत ताठ बसवून, योग्य मापाचा मास्क हलकेच टेकवून द्या. औषधाची वेळ नसताना रिकामा मास्क बाहुलीला, आजोबांना लावून खेळू दिला की त्याची भीती जाते.

मोठ्या माणसांनी शक्यतो माउथपीस वापरावा. दात त्यावर, ओठ बंद, श्वास तोंडाने, सावकाश. इप्राट्रोपियम असलेलं औषध मास्कच्या वरच्या फटीतून डोळ्यांत गेलं तर नजर धूसर होते आणि काचबिंदू असलेल्यांना त्रास होऊ शकतो. माउथपीसने तो धोका बराच टळतो. बुडेसोनाइडनंतर चूळ भरा आणि मास्क लावला असेल तर तोंडही धुवा, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. सॅल्ब्युटामॉलनंतर थोडा वेळ हात थरथरणं, छातीत धडधडणं होऊ शकतं. ते फार वाटलं तर डॉक्टरांना सांगा.

चालूच होत नाही, किंवा मध्येच थांबतो

आधी दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. किनाऱ्याजवळच्या घरांत खारट वाऱ्याने सॉकेटच्या पत्त्या गंजतात आणि पिन नीट टेकत नाही. दुसऱ्या सॉकेटवर चालला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, मशीनला दोष देऊ नका.

दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडला तर तो तापला आहे. बऱ्याच मशीनमध्ये जास्त तापल्यावर मोटर आपोआप थांबवणारी सोय असते. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, पुन्हा सुरू होईल. घरगुती मॉडेल सलग चालवायला बनवलेली नसतात. अनेकांच्या पुस्तिकेत 20 मिनिटं चालवा आणि 40 मिनिटं थांबा असं लिहिलेलं असतं. मशीन गादीवर, सोफ्यावर किंवा टॉवेलवर ठेवू नका. खालची हवेची भोकं बंद होतात, मोटर तापते आणि कापडाचे तंतू फिल्टरमध्ये जातात. कडक, सपाट टेबल हवं.

इन्व्हर्टरवर चालवताना मोटर वेगळीच गुणगुणते आणि लवकर तापते, असं बरेच जण सांगतात. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीमुळे ते होतं. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर प्रश्न येत नाही. दम्याचा रुग्ण घरात असेल तर इन्व्हर्टर घेताना एवढं जरूर बघा, कारण मे अखेरीस वळवाचा पाऊस आला की वीज नेमकी रात्री जाते. गडगडाट चालू असताना मशीन वापरात नसेल तर पिन काढून ठेवा.

परदेशातून आणलेलं मशीन

गोव्यात हा विषय वेगळा काढून सांगावा लागतो. कुणाचा भाऊ आखातात, कुणाची मुलगी पोर्तुगालला किंवा इंग्लंडात. येताना मायेने मशीन आणतात. मागच्या लेबलावर दोन आकडे वाचल्याशिवाय पिन लावू नका. आपल्याकडे वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. इंग्लंड, पोर्तुगाल, दुबईची मशीन इथे चालतात, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो. अमेरिकेतलं 120 व्होल्टचं मशीन सरळ लावलं तर त्याच क्षणी जळतं. कन्व्हर्टर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण 60 हर्ट्झसाठी बनवलेली मोटर 50 हर्ट्झवर हळू चालते आणि दाब कमी पडतो. सौदीतही वीज 60 हर्ट्झची आहे, त्यामुळे तिथून आणलेल्या मशीनच्या लेबलावर ‘50/60’ असं छापलेलं आहे का ते बघा. नसेल तर इथे साधा कॉम्प्रेसर घ्या. खर्चाच्या मानाने तेच परवडतं, आणि कप, फिल्टरसुद्धा जवळच्या फार्मसीत मिळतात.

धुणं सोपं, वाळवणं अवघड

प्रत्येक डोसानंतर उरलेलं औषध फेकून द्या. पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. कप, टोपी, मास्क किंवा माउथपीस सुटे करा, पाण्याखाली धुवा, झटका आणि स्वच्छ कापडावर उघडे ठेवा. दिवसातून एकदा कोमट पाणी आणि भांड्यांच्या पातळ साबणाने धुवा. राखेचा, घासणीचा किंवा तारेचा वापर नको, प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात.

शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा, विशेषतः घरात विहिरीचं पाणी असेल तर. पावसात विहीर भरते, पाणी गढूळतं, आणि ओलसर कपात वाढणारे जंतू पाण्यातूनच येतात. ते पुढच्या डोसाबरोबर थेट फुप्फुसात जातात. दम्याच्या पोराला परत परत कफ होतोय आणि कारण सापडत नाही, तेव्हा मी आधी कप मागून घेतो आणि आत बोट फिरवतो. बुळबुळीत लागलं तर उत्तर तिथेच असतं.

निर्जंतुक करायचा सगळ्यांत साधा उपाय म्हणजे उकळणं. कपाच्या पुस्तिकेत उकळायला चालतो असं लिहिलं असेल तर खळखळत्या पाण्यात 5 मिनिटं, भांड्यात भरपूर पाणी घेऊन, म्हणजे प्लॅस्टिक तळाला टेकून वितळत नाही. मऊ पीव्हीसीचा मास्क उकळू नका, वाकडा होतो आणि मग चेहऱ्याला टेकत नाही. बरेच जण व्हिनेगरमध्ये भिजवतात. पांढरी खपली निघायला व्हिनेगर ठीक आहे, पण जंतू मारायच्या कामात त्यावर भरवसा ठेवू नका.

आता वाळवणं. जुलैत आपल्याकडे कपडे चार दिवस दोरीवर ओले राहतात, तिथे कपाची बारीक छिद्रं आपोआप वाळतील ही आशा सोडा. युक्ती मशीनमध्येच आहे. धुतलेला, झटकलेला कप नळीला जोडा आणि मशीन दोन-तीन मिनिटं रिकामं चालवा. छिद्रातलं पाणी उडून जातं. मग सगळे भाग पंख्याखाली ठेवा, आणि हात लावून कोरडे लागल्यावरच डब्यात भरा. ओला कप झाकणाच्या डब्यात बंद केला तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. हेअर ड्रायर लावू नका, गॅसजवळ ठेवू नका. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली तर चांगलंच, फक्त ती कपाच्या आत नको आणि पोरांच्या हाताला लागेल अशी नको.

नळी धुवायची नसते. आत शिरलेलं पाणी निघत नाही. नळीत थेंब दिसले तर कप काढून नुसती नळी लावून मशीन चालवा, पाच मिनिटांत कोरडी होते. आत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. नळी फेका आणि नवीन घ्या. ती काही महाग वस्तू नाही.

फिल्टर आणि सुटे भाग

फिल्टर मशीनच्या अंगावर एका छोट्या झाकणाखाली असतो, नाण्याएवढा. नवीन असताना पांढरा. महिन्यातून एकदा झाकण उघडून रंग बघा. पणजीत किंवा मडगावात तो हळूहळू करडा होतो. साखळी, डिचोली, सांगे या भागांत खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर घर असेल तर तो तांबडा होतो, आणि पुष्कळ लवकर. पुस्तिकेत दिलेली मुदत स्वच्छ हवेसाठी असते. तुमच्या घरचा रंग बघून ठरवा. बहुतेक फिल्टर धुवायचे नसतात. ओला फिल्टर हवा अडवतो आणि वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. त्याच्या जागी कापूस किंवा स्पंजचा तुकडा कोंबलेली मशीन मी पाहिली आहेत. कापसाचे तंतू पंपात गेले की दुरुस्तीचा खर्च फिल्टरांच्या अख्ख्या पाकिटाहून जास्त होतो.

रोज वापरात असलेला, पुन्हा पुन्हा धुण्याजोगा कप सहा महिने ते वर्षभरात बदलावा. मशीनबरोबर फुकट येणारे काही कप थोड्या दिवसांच्या वापरासाठीच असतात, ते त्याआधीच दम तोडतात. प्लॅस्टिक धुरकट झालं, बारीक तडा गेला किंवा चिकटपट्टीवरच्या वेळेपेक्षा पाच-सहा मिनिटं जास्त लागू लागली, की मुदतीची वाट बघू नका. कप कधीही दोघांत वापरू नका, भावंडं असली तरी. मशीन एकच चालतं, पण कप आणि मास्क ज्याचा त्याचा.

पावसात मुंग्या कोरड्या, उबदार जागेच्या शोधात मशीनच्या भोकांतून आत जातात. काम झालं की मशीन थंड होऊ द्या आणि कापडी पिशवीत घाला. चालू असताना मात्र वर काहीही टाकू नका.

कपात काय घालायचं नाही

नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, बाटलीबंद पाणी, यांतलं काहीही नाही. औषध पातळ करायचं असेल तर नॉर्मल सलाईननेच. नुसतं पाणी फुप्फुसाला सोसत नाही, श्वासनळ्या आणखी आकसू शकतात. नीलगिरीचं तेल, बाम, ओव्याचा अर्क, कापूर, हळदीचं पाणी, काहीही नाही. तेलाचे कण फुप्फुसात गेले तर तेलाचा न्यूमोनिया होऊ शकतो. आजीचा ओवा तव्यावर भाजून पुरचुंडीत बांधून छाती शेकायला आहे, कपात घालायला नाही.

सॅल्ब्युटामॉल दोन रूपांत मिळतं आणि तिथे चूक झालेली परवडत नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या रेस्प्यूलमधलं औषध आधीच पातळ केलेलं असतं. काचेच्या किंवा ड्रॉपरच्या बाटलीतलं दाट असतं, त्यातले डॉक्टरांनी सांगितलेले थेंब सलाईनमध्येच घालायचे. रेस्प्यूल संपल्या म्हणून फार्मसीतून बाटली आणली आणि तेवढंच मापून घातलं, तर डोस कितीतरी पट होतो. चिठ्ठी दाखवा आणि विचारून घ्या. रेस्प्यूल फॉइलच्या पाकिटात उजेडापासून जपून ठेवा आणि पाकीट फोडल्याची तारीख वर लिहा.

हातात मावणारा मेश नेब्युलायझर

याला पंप नसतो. हजारो सूक्ष्म छिद्रांची पातळ जाळी वेगाने थरथरते आणि औषध त्यातून बाहेर पडतं. आवाज नाही, बॅटरीवर चालतो, आडवं झोपलेल्या बाळालाही काही मॉडेलने देता येतं. पण जाळी नाजूक. तिला बोट, कापूस, इअरबड लावायचा नाही. तुषार कमी झालं तर जाळी तुंबली आहे असं समजा. डोस झाल्यावर कपात थोडं डिस्टिल्ड वॉटर घालून मशीन मिनिटभर चालवा. त्याने औषध आणि सलाईनमधलं मीठ निघून जातं. हे नुसतं धुणं आहे, त्या वेळी तोंडाला लावायचं नाही. दाट, दुधाळ औषध सगळ्याच मेश मॉडेलना चालत नाही, आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी तुषार करणाऱ्या) मशीनला बुडेसोनाइड तर नकोच.

पेन्सिल सेलवर चालणारं मशीन महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर सेल काढा. आपल्या हवेत ते फुटून पत्त्यांवर पांढरट-हिरवी पूड धरते. लिथियम बॅटरीचं मशीन बंद गाडीत, उन्हात ठेवू नका, उशीखाली ठेवून चार्ज करू नका. मशीनचं अंग फुगलं, वेगळा वास आला किंवा चार्ज करताना फार तापलं, तर त्याच क्षणी वापर थांबवा आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या ई-कचऱ्यात द्या.

हे छोटं मशीन पाहून कॉलेजची मुलं विचारतात, ‘वेपसारखंच का हे?’ नाही. वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, तार तापते आणि निकोटीनचा द्रव जळत्या उष्णतेने उडतो. इथे काही तापत नाही आणि आत फक्त औषध असतं. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर 2019 च्या कायद्याने देशभर बंदी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी किनारपट्टीवर ती लपूनछपून विकली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वेपचा द्रव नेब्युलायझरमध्ये घालून बघायचा विचारही करू नका. घरात दमा असेल तर रुग्णाच्या खोलीत ना सिगारेट, ना वेप. मशीन कितीही नीट ठेवलं तरी बाजूला धूर सोडत राहिलं तर उपयोग काय?

चवथीला गावच्या घरी

वर्षभर बंद असलेलं मूळ घर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, उघडतं. भिंतींना ओल, गाद्यांना बुरशी, त्यात धूप, कापूर आणि दारात फटाके. दमेकऱ्याचा त्रास नेमका तिथे उसळतो, आणि मशीन शहरातल्या घरी राहिलेलं असतं. पिशवी आठवडाभर आधी भरा: मशीन, दोन कप, सुटी नळी, एक जास्तीचा फिल्टर, रेस्प्यूल, सलाईन, डॉक्टरांची चिठ्ठी आणि हातातला पंप (इनहेलर) व स्पेसर, म्हणजे त्या पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं नळकांडं. निघण्याआधी सलाईन घालून वेळ मोजा. घर उघडायला जमलं तर एक माणूस दोन दिवस आधी पाठवा आणि झाडलोट, गाद्या झटकणं रुग्ण यायच्या आधी उरका. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात तेव्हाही हीच पिशवी हाताशी हवी आणि खिडक्या बंद.

पंप आणि स्पेसरला कमी लेखू नका. साधारण झटक्यात स्पेसरमधून नीट दिलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो, आणि त्याला वीज लागत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, उभा ठेवून वाळवा. कापडाने पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या बाजूला चिकटतं.

दुरुस्ती थांबवून निघायची वेळ

मशीन उघडून बसायची वेळ रुग्ण ठीक असताना. बोलताना एक वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ किंवा नखं निळसर दिसताहेत, मूल सुस्त झालंय, किंवा सांगितलेला डोस देऊनही उतार नाही, तर कप आणि छिद्र तपासत बसू नका. जवळ पंप असेल तर स्पेसरमधून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या, ताठ बसवा आणि 108 ला फोन करा. उत्तरेत म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेत मडगावचं, आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते. सोबत रिकामी रेस्प्यूल घ्या आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते कागदावर लिहून न्या. तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.